अ‍ॅव्होकॅडो, हास आणि आपली बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या कडेला मी चाळीस अ‍ॅव्होकॅडो लावले, त्याला आता सहावं वर्ष चालू आहे. तेव्हापासून फोन थांबत नाहीत. निम्म्या लोकांना रोप कुठे मिळेल एवढंच हवं असतं. उरलेल्यांचे प्रश्न मात्र खरोखर चांगले असतात, आणि तेच तेच पुन्हा येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. आधी 'हे फळ कुणी घडवलं', मग 'आपल्याकडे जमेल का', आणि शेवटी नियमाबाहेरच्या गोष्टी.

१. अ‍ॅव्होकॅडो म्हणजे ते 'बटर फ्रूट'च ना?

हो, तेच. बंगळूरकडे बटर फ्रूट म्हणतात. दालचिनी, तमालपत्र आणि कापूर यांच्या कुळातलं हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. याचे तीन वंश आहेत. मेक्सिकन वंश थंडी सोसतो आणि त्याचं पान चुरगळलं की बडीशेपेसारखा वास येतो. ग्वाटेमालन वंशाची साल जाड असते. वेस्ट इंडियन वंश उष्ण हवा आणि खारं पाणी त्यातल्या त्यात जास्त झेलतो. ही तीन नावं लक्षात ठेवा, प्रश्न २ आणि ७ मध्ये लागतील.

२. 'हास' वाण कुठल्या विद्यापीठाने काढलं?

कुठल्याच नाही. ते एका पोस्टमनच्या मळ्यात सापडलं.

रुडॉल्फ हास हे कॅलिफोर्नियात टपाल वाटायचे. १९२० च्या दशकात त्यांनी ला हाब्रा हाइट्स भागात थोडी जमीन घेतली. त्या काळी तिकडे 'फुएर्ते' जातीचा जोर होता (प्रश्न ४). कोयीपासून रोपं करायची आणि त्यांवर फुएर्तेचं कलम बांधायचं, असा हासचा साधा बेत होता. त्यासाठी रिडआउट नावाच्या नर्सरीवाल्याकडून त्यांनी कोयी आणल्या. सगळ्या रोपांवर कलमं धरली, एकावर धरेना. पुन्हा बांधलं, पुन्हा सुकलं. हास ते रोप उपटून टाकणार होते. पण कलमं बांधणारा जाणता गडी म्हणाला, रोप दणकट आहे, राहू द्या. राहिलं. फळं आली तेव्हा ती खडबडीत सालीची होती आणि पिकल्यावर काळी पडायची. बाजाराला हिरव्या, गुळगुळीत फळाची सवय, त्यामुळे रंगावरून ती नाकारली जाण्यासारखीच होती. चव मात्र घरातल्या पोरांना आवडली.

१९३५ मध्ये हास यांनी या झाडाचं पेटंट घेतलं. आज जगात सर्वाधिक खपणारा अ‍ॅव्होकॅडो हाच, आणि त्याचं प्रत्येक झाड कलमाकलमाने त्या एकाच झाडापर्यंत जाऊन पोहोचतं. त्या रोपाचे आईबाप कोण, हे हास यांना कधीच कळलं नाही. २०१९ मध्ये जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की ते मेक्सिकन आणि ग्वाटेमालन वंशांचा संकर आहे, मेक्सिकन वाटा थोडा जास्त.

मला या गोष्टीत हासपेक्षा तो कलमवालाच जास्त भावतो. त्याने फक्त रोपाचा बुंधा आणि वाढ बघितली होती, फळ बघितलंच नव्हतं.

३. मग हास करोडपती झाले असतील?

नाही. पेटंटमधून आयुष्यभरात मिळून जेमतेम पाच हजार डॉलर मिळाले असं सांगतात. एका शेतकऱ्याने एक रोप विकत घ्यायचं आणि त्याच्या काड्यांवर अख्खी बाग उभी करायची, हे तिकडेही सर्रास चालायचं. हास टपालाची नोकरी करतच राहिले आणि १९५२ मध्ये वारले. मूळ झाड त्यांच्यानंतर पन्नास वर्षं जगलं. २००२ मध्ये ते मेलं ते मुळकुजीने, म्हणजे प्रश्न ६ मधल्याच रोगाने.

४. हासच्या आधी काय होतं?

फुएर्ते. १९११ मध्ये कार्ल श्मिट हा तरुण मेक्सिकोत चांगल्या झाडांच्या काड्या गोळा करत फिरत होता. आत्लिश्को गावातल्या एका परसातल्या झाडाच्या काड्या त्याने कॅलिफोर्नियाला पाठवल्या. १९१३ च्या जानेवारीत तिथे भयानक गारठा पडला, बाकीची रोपं गेली, हे टिकलं. म्हणून नाव फुएर्ते, स्पॅनिशमध्ये 'दणकट'. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियाचे बागायतदार आत्लिश्कोला जाऊन त्या मूळ झाडापाशी आभाराची पाटी लावून आले. आपल्याकडे विठोबाला जातात तसं म्हणा ना.

५. दादा, मॉलमधून हास आणला, खाल्ला, कोय कुंडीत लावली. हासच येईल ना?

नाही. कोयीचं रोप आईसारखं निघत नाही. आंब्याच्या रायवळ झाडासारखा प्रकार आहे: फळ मोठं निघेल का बारकं, लोणी निघेल का पाणचट, काही सांगता येत नाही. वर कोयीचं झाड फळाला यायला सहसा पाच ते दहा वर्षं किंवा त्याहून जास्त घेतं, कलमाला तीन-चार पुरतात.

यात मी स्वतः फसलोय. पहिल्या खेपेला 'हास कलम' म्हणून वीस रोपं घेतली. चौथ्या वर्षी फळ लागलं ते गुळगुळीत, पोपटी, बाटलीसारखं. मग खाली बसून बुंधे बघितले, तर एकावरही कलमाचा सांधा नव्हता. हे आधी बघायला मला पाच मिनिटं लागली असती. तुम्ही रोप घेताना पिशवीच्या वर वीतभर अंतरात बुंधा बोटांनी चाचपा. सांध्यावर साल थोडी फुगलेली, किंचित वाकडी लागते. ती लागली नाही तर पैसे देऊ नका.

पण कोयीची झाडं वायाच गेली असंही नाही. प्रश्न १६ पाहा.

६. मुळकुजीवर शेतकऱ्याने उपाय शोधला असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि ही गोष्ट मला हासच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते.

अ‍ॅव्होकॅडोचा जगभरातला पहिला शत्रू म्हणजे फायटोफ्थोरा सिनामोमी, मातीतला बुरशीसारखा जीव. ओल्या, निचरा नसलेल्या जमिनीत हा बारीक मुळ्या खातो. अ‍ॅव्होकॅडोची मुळं मुळातच वरवरची आणि केसमुळं जवळजवळ नसलेली, त्यामुळे पांढरी मुळी गेली की झाडाचं तोंडच बंद होतं. वर पानं लहान, पिवळट होतात, शेंड्याकडून वाळ सुरू होते. खाली पाणी असूनही झाड तहानलेलं दिसतं, आणि शेतकरी आणखी पाणी सोडतो. तिथेच घात होतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये टॅम्बोरिन डोंगरावर गाय अ‍ॅशबर्नर यांची बाग होती. पाऊस भरपूर, आजूबाजूच्या बागा मुळकुजीने बसल्या, त्यांची मात्र हिरवीगार. बुरशी त्यांच्या मातीतही होती! त्यांनी वर्षानुवर्षं काय केलं होतं? झाडांमध्ये शेंगवर्गीय आच्छादन पिकं आणि मका घेऊन तिथेच जिरवला, कोंबडीखत घातलं, डोलोमाइट (आम्ल माती सुधारणारी चुनखडीसारखी पूड) टाकलं, आणि जमीन कधी उघडी ठेवली नाही. जंगलातल्या मातीसारखी माती बागेत करायची, एवढाच विचार.

पॅट्रिशिया ब्रॉडबेंट आणि केनेथ बेकर या शास्त्रज्ञांनी ही माती प्रयोगशाळेत नेली आणि १९७४ मध्ये निष्कर्ष छापले. माती १०० अंशाला तापवली की तिचा रोग दाबण्याचा गुण जात होता. म्हणजे गुण जिवंत गोष्टीचा होता, मातीतल्या सूक्ष्मजीवांचा. 'अ‍ॅशबर्नर पद्धत' हे नाव पुढे संशोधनात रूढ झालं. आज अ‍ॅव्होकॅडोच्या बागेत जाड आच्छादन घाला असं जे कुणीही सांगतं, त्याच्या मागे या बागेचा मोठा वाटा आहे.

आता सोलापूरकरांसाठी एक इशारा. आच्छादनाची नक्कल करा, डोलोमाइटची करू नका. त्यांची माती लाल, आम्लधर्मी. आपल्याकडे चुनखडी आधीच नको तितकी आहे. कॅल्शियम द्यायचंच असेल तर माती तपासून जिप्सम द्या.

माझ्याकडे उसाचं पाचट वीतभर जाड असतं, बुंध्यापासून हातभर लांब. पावसाळ्यात ते बाजूला सारलं की मातीच्या वर, पाचटातच, पांढऱ्या मुळ्यांची जाळी दिसते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ती बुरशीच वाटली होती. पाहुणे आले की मी फळं दाखवायच्या आधी हे दाखवतो.

७. 'क्लोनल खुंट' म्हणजे काय? नर्सरीवाले दुप्पट पैसे का घेतात?

साध्या कलमात वरची काडी हासची असते, पण खालचा खुंट कोयीचा. वर सगळी झाडं सारखी, खाली प्रत्येकाचं नशीब वेगळं. मुळकूज झेलणारा खुंट सापडला तरी त्याच्या कोयी पुन्हा वेगळ्याच निघणार. म्हणून खुंटाचीही हुबेहूब नक्कल हवी. पण अ‍ॅव्होकॅडोच्या काडीला मुळ्या फुटता फुटत नाहीत.

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फ्रोलिक यांनी यावर युक्ती काढली. कोयीच्या रोपावर हव्या त्या खुंटाची काडी बांधायची आणि रोप अंधारात वाढवायचं. कोंब लांबलचक, पांढुरका वाढतो. मग त्याच्या बुडाशी माती चढवायची. अंधारात वाढलेल्या त्या कोवळ्या भागाला मुळ्या फुटतात. खालची कोय केवळ दाईचं काम करते, पुढे तिला आवळून बाजूला काढतात. हँक ब्रोकॉ या नर्सरीवाल्याने ही प्रयोगशाळेतली करामत हजारो रोपांवर करून दाखवली, तेव्हा कुठे ती शेतात आली. हास वाणाची कलमं पहिल्यांदा करून विकणारा नर्सरीवालाही ब्रोकॉच आडनावाचा होता.

दोनदा कलम, मध्ये अंधारखोली आणि जास्तीचे महिने, म्हणून किंमत जास्त. 'ड्यूक ७' हा कॅलिफोर्नियातला झेंटमायर यांच्या रोगसंशोधनातून पुढे आलेला खुंट आणि 'डुसा' हा दक्षिण आफ्रिकेतला, ही यातली गाजलेली नावं. इस्रायलमध्ये खाऱ्या पाण्यासाठी वेस्ट इंडियन वंशाचे खुंट वापरतात. आपल्याला खरं कामाचं ते.

८. सोलापुरात जमेल का? एका शब्दात सांगा.

एका शब्दात येत नाही. कोडगूमध्ये (कूर्ग) हे झाड कॉफीच्या मळ्यात, धो धो पावसात वाढतं. आपला पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला. झाड जगतं. मोहोर आणि कोवळं फळ उन्हात टिकवणं अवघड जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये लागलेलं वाटाण्याएवढं फळ एप्रिलच्या पहिल्या झळीत सड्यासारखं गळून पडतं.

मला जमलेल्या गोष्टी: पश्चिमेला शेवग्याची आणि हादग्याची ओळ, दोन-अडीच फूट उंच बेड, झाडाला ठिबकच्या दोन नळ्या (लॅटरल), पहिली दोन वर्षं हिरवी जाळी. ठिबक रोज थोडं थोडं, पण वाफसा मोडू न देता. भारी काळ्या रानात मात्र लावू नका. परतीच्या पावसात चार दिवस पाणी साचलं तर बाग गेली म्हणून समजा.

९. आमच्या बोअरचं पाणी मचूळ आहे. चालेल?

डाळिंबाला चालतं म्हणून याला चालेल असं समजू नका. क्लोराइडच्या बाबतीत अ‍ॅव्होकॅडो फार नाजूक आहे. पानांचे शेंडे तपकिरी, करपल्यासारखे दिसायला लागले की ओळखा. लावणीआधी पाण्याचा क्षार आणि क्लोराइड, मातीचा सामू आणि मुक्त चुना तपासून घ्या. चुनखडीच्या रानात नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, ती लोहाची कमतरता. साधं हिराकस टाकून आपल्या मातीत फार उपयोग होत नाही, चिलेट स्वरूपातलं लोह लागतं. पावसाळ्यातलं साठवलेलं शेततळ्याचं पाणी असेल तर ते याच झाडांसाठी राखा. खुंटाबद्दल प्रश्न ७ मध्ये आलंच आहे.

१०. नुसतं हास लावलं तर फळ धरेल का?

धरेल, पण जोडीला दुसऱ्या गटाचं झाड असलेलं बरं. अ‍ॅव्होकॅडोचं प्रत्येक फूल दोनदा उमलतं, एकदा मादी म्हणून, एकदा नर म्हणून. 'अ' गटाचं फूल पहिल्या दिवशी सकाळी मादी, मग मिटतं, दुसऱ्या दिवशी दुपारी नर. 'ब' गटाचं पहिल्या दिवशी दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. दोन्ही गट शेजारी असले की एकाचा पराग दुसऱ्याला ऐन वेळेवर मिळतो. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निरोडी आणि मग स्टाउट यांनी हे नोंदवलं. हास, रीड, पिंकर्टन 'अ' गटात. फुएर्ते, बेकन, एटिंगर 'ब' गटात.

स्वतः बघायचं असेल तर सकाळी नऊला हासच्या एका फुलाला दोरा बांधा. मधली काडी ताठ आणि भोवतीचे पुंकेसर आडवे झोपलेले दिसतील. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच पुंकेसर उभे राहून पराग सांडतात. थंडी जास्त पडली तर हे घड्याळ बिघडतं.

११. मोहोर मरणाचा येतो, फळं मात्र मोजून दहा. रोग आहे का?

नाही. मोठ्या झाडाला दहा लाखांपर्यंत फुलं येऊ शकतात आणि हजारात एकही टिकत नाही, हा झाडाचा स्वभाव आहे. मोहोरात फवारणी टाळा, मधमाशीच्या पेट्या ठेवा.

१२. फळ झाडावर पिकतच नाही. तोडायचं कधी?

ते झाडावर पिकत नाहीच. तोडल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात मऊ पडतं. म्हणून फळ कधी 'तयार' झालं, हे ओळखणं महत्त्वाचं. कोवळं तोडलं तर ते रबरासारखं होतं, सुरकुततं आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. कॅलिफोर्नियाने १९२५ मध्येच कायदा केला की गरात किमान ८ टक्के तेल हवं. पुढे तेल मोजण्याऐवजी सुका अंश मोजायला लागले. तिथे हाससाठी किमान २०.८ टक्के धरतात.

हे घरी होतं. गर किसून १० ग्रॅम घ्या, मायक्रोवेव्हमध्ये मंद आचेवर थांबून थांबून वाळवा. जळू देऊ नका. वजन कमी व्हायचं थांबलं की मोजा. २.१ ग्रॅम उरले तर तोडायला हरकत नाही. आमच्याकडे सोन्याच्या दुकानातला जुना काटा त्यासाठीच ठेवलाय, आणि मायक्रोवेव्हमधल्या वासावरून घरात दरवर्षी एकदा बोलणी खातो.

१३. खोडाला चुना लावायचा का?

लावायचा. छाटणी केलेल्या आणि उघड्या पडलेल्या फांद्यांना तर नक्कीच. अ‍ॅव्होकॅडोची साल उन्हाने भाजते. परदेशात पाण्यात पातळ केलेला पांढरा रंग मारतात, आपला चुना तेच काम करतो. मार्च संपायच्या आत लावा.

१४. भारतात यावर संशोधन कोण करतं?

बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं कोडगूतलं चेट्टळ्ळी केंद्र या पिकावर काम करतं. 'अर्का सुप्रीम' हे वाण तिथलं. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या तडियनकुडिसै केंद्राने 'टीकेडी-१' दिलं. दोन्ही निवडी दमट डोंगराळ भागातल्या आहेत हे विसरू नका. आपल्या केगावच्या राष्ट्रीय केंद्राचा विषय डाळिंब आहे, अ‍ॅव्होकॅडो घेऊन तिकडे जाऊ नका.

१५. तिकडे पोस्टमनने वाण दिलं. आपल्याकडे असं कुणी केलंय का?

आपल्याच जिल्ह्यात केलंय. द्राक्षातलं 'सोनाका' हे नाव कुठून आलं? सोलापूर, नान्नज, काळे, यांची पहिली अक्षरं. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन सीडलेसच्या बागेत वेगळी, लांब मण्यांची वेल हेरली आणि ती वाढवली. 'शरद सीडलेस'ही त्यांचंच. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांचं सीताफळ 'एनएमके-१ गोल्डन' तर आता महाराष्ट्राबाहेरही गेलंय.

सोनाका आणि हास यांची पद्धत एकच: हजारात एक वेगळं दिसलं, ते तोडलं नाही, कलमाने वाढवलं. माझं म्हणणं एवढंच आहे की उन्हात फळ टिकवणारा अ‍ॅव्होकॅडो कधी सापडलाच, तर तो चेट्टळ्ळीच्या धुक्यात सापडणार नाही. तो मंगळवेढ्याच्या किंवा करमाळ्याच्या एखाद्या बांधावर सापडेल.

१६. समजा माझ्या कोयीच्या झाडाला चांगलं फळ लागलं. वाण माझ्या नावावर होईल?

२००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी होते, आणि शेतकऱ्याला त्यासाठी शुल्क लागत नाही. झाडांना आणि वेलींना १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. नोंदणी मात्र अधिसूचित पिकांचीच होते, तेव्हा आधी यादी बघा. वाण वेगळं, एकसारखं आणि स्थिर असल्याचं दाखवावं लागतं. एका झाडावर ते दिसत नाही. काड्या काढून दहा-पंधरा कलमं करा, फळाला येऊ द्या. तोवर वही ठेवा: मोहोर कधी, एप्रिलच्या झळीनंतर किती फळं राहिली, तोडणी कधी, सुका अंश किती (प्रश्न १२).

माझ्या त्या फसलेल्या वीस झाडांपैकी एक, विहिरीकडून तिसरं, सलग दोन उन्हाळे फळ धरून आहे. चव बेताचीच आहे. तरी ते तोडलेलं नाही.

१७. डाळिंब तेल्या रोगाने गेलं. सगळं काढून अ‍ॅव्होकॅडो लावू का?

नको. आधी दहा झाडं लावा, दोन उन्हाळे बघा. दहातली किती जगली आणि किती फळाला आली, यावरून पुढचं ठरवा.

१८. छाटणीचा पाला शेळ्यांना घातला तर?

अजिबात घालू नका. पानात पर्सिन नावाचं विषारी द्रव्य असतं. दुभत्या शेळीची कास सुजते, दूध आटतं. जास्त खाल्लं तर शेळ्या-मेंढ्यांच्या आणि घोड्यांच्या हृदयावर परिणाम होतो, पोपटासारखे पाळीव पक्षी तर दगावतात. पाला वाळला म्हणून विष जात नाही. मी छाटलेला पाला झाडाखालीच पाचटाखाली दाबतो, आणि शेळ्या त्या बाजूला येऊ नयेत म्हणून दोन पदरी काटेरी कुंपण केलंय.